तोंडीचे मार्क

मार्क वाढवून मागायला येणारे मॅडमना नवे नव्हते. सत्र संपत आलं की स्टाफरूमच्या दाराशी त्यांची रांगच लागायची. कुणी आजारपण घेऊन यायचं, कुणी डोळ्यांत पाणी घेऊन, तर कुणी नुसतेच दात काढत 'मॅडम, बघा ना काही होतंय का' म्हणत. कायदा शिकणारी पोरं ती, स्वतःची वकिली नाही करणार तर कुणाची! त्या सगळ्यांसाठी मॅडमकडे एकच वाक्य होतं, 'बोर्डावर लागलं ते लागलं.' त्या दिवशीही चहाचा कप ओठांशी नेता नेता, समोर कोण उभं आहे हे न बघताच, त्यांनी ते वाक्य टाकून दिलं. पण समोरून काहीच आलं नाही. ना गयावया, ना 'मॅडम, प्लीज'. फक्त एक अडकलेला श्वास. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि तिसऱ्या बाकावरची ती मुलगी त्यांना दिसली. तिची हनुवटी जराशी वर उचलली गेली होती, पापण्या मिटल्या होत्या, ओठ एकमेकांवर घट्ट दाबलेले. आतून कुणीतरी दार ढकलतंय आणि बाहेरून कुणीतरी ते धरून ठेवलंय, असा तो चेहरा.

"म... म... मार्क," दार एकदाचं उघडलं, "मार्क कमी करा."

"कमी?"

शेजारच्या टेबलावरच्या राज्यघटना शिकवणाऱ्या सरांनी पेपरांच्या ढिगातून डोकं वर काढलं. "अगं बाई, जास्तीचे झाले असतील तर इकडे दे. आमच्या वर्गात दुष्काळ पडलाय."

मुलगी हसली नाही. "तोंडीचे," ती म्हणाली. "तुम्ही मला एकदाही व... विचारलं नाहीत. वर्षभर. मग मार्क क... कशाचे दिलेत?"

"असं काय करतेस? तुझं लेखी बघितलंय ना मी. तुला येतं सगळं, माहितीये मला."

"येतं तर वकीलसाहेबाला पण. त्याला र... रोज उभं करता." वकीलसाहेब म्हणजे तिच्या पुढच्या बाकावरचा तो आगाऊ मुलगा. पहिल्याच आठवड्यात कोट घालून आला होता, तेव्हापासून अख्खं कॉलेज त्याला याच नावाने हाक मारतं. "उद्या शेवटचा तास आहे, मॅडम. मला उभं करा. नाहीतर श... श... शून्य द्या. चालेल मला."

आणि ती वळली, गेलीसुद्धा. सर म्हणाले, "कमाल आहे हं पोरीची," आणि पुन्हा ढिगात बुडाले. मॅडमच्या हातातल्या कपावर साय धरली. मॅडमना वाटलं, आपल्याला राग यायला हवा. म्हणून त्यांनी तो शोधून पाहिला. पर्समध्ये किल्ली शोधावी तसा, प्रत्येक कप्प्यात. सापडला नाही. त्याच्या जागी काहीतरी ओलसर, जुनं, हाताला न आवडणारं लागलं, आणि त्यांनी पर्स मिटावी तसं मन मिटून टाकलं.

पोरं त्यांना 'समजाबाई' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि खोटं कशाला बोला, आवडतही होतं. वर्गात शिरल्या की हजेरी नाही, फळा नाही, सरळ एकाकडे बोट. 'तू. उठ. करार झाला का?' पोराने 'झाला' म्हणावं, की 'समजा, पत्र पोचलंच नाही.' पोराने 'नाही झाला' म्हणावं, की 'समजा, पोचलं, पण वाचलं बायकोने.' एकामागून एक समजा, समजा, समजा, आणि प्रत्येक 'समजा'सरशी पोराच्या पायाखालची एकेक फरशी काढून घ्यायची, शेवटी बिचारं एका पायावर उभं राहीपर्यंत. बस म्हणेपर्यंत बसायचं नाही, हा नियम. पोरं घाबरायची, शिव्या घालायची, कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल करायची. 'आज समजाने कुणाला धरलं?' असं एकमेकांना विचारायची. पण सत्र सरेसरेतो त्यांच्यातच काहीतरी पालटायचं. पहिल्या दिवशी बाकाची कड धरून उभं राहणारं पोर दिवाळं निघाल्यासारखं तोंड न करता म्हणायचं, 'मॅडम, तुमचं समजा मला मान्यच नाही.' त्या दिवसासाठी तर मॅडम जगायच्या. उभं राहून राहून पाय घट्ट होतात, हे त्यांचं लाडकं वाक्य. नव्या शिक्षकांनाही त्या तेच सांगायच्या.

आणि त्यातूनच त्यांनी एकीला वगळलं होतं. पहिल्या तासाला सगळ्यांनी उठून आपापलं नाव सांगायचं होतं. फिरत फिरत पाळी तिसऱ्या बाकावर आली, ही उठली, आणि आपल्याच नावाच्या पहिल्या अक्षरावर अडकली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमना ते हसू ऐकवलं नाही. त्यांनी यादीत बघून तिचं नाव घाईघाईने मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, 'बस, बस. कळलं.' ती बसली, खाली बघत. त्या खाली घातलेल्या नजरेत मॅडमनी आभार वाचले. मग त्यांचं बोट बाकांवरून फिरताना तिच्याशी आलं की, खड्डा दिसल्यावर सायकल वळते तसं, आपोआप पुढच्याकडे वळायचं. कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. निदान मॅडमना तसं वाटायचं. आणि मनात कुठेतरी, अगदी आतल्या खोलीत, आपण फार चांगलं वागतो आहोत असा एक मंद दिवाही जळायचा. मार्क देताना त्या दिव्याच्या उजेडातच दिले. भरघोस. एकदाही न विचारता.

संध्याकाळी त्या पायीच निघाल्या. सिग्नलशी गर्दी थांबली होती, दुकानांच्या काचांवर उजेड सांडला होता, एका काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि त्यांनी नजर काढून घेतली. 'मला उभं करा.' सगळं जग बसायला जागा मागतं आणि ही उभं राहायला मागते. हिरवा दिवा लागला, लोक निघाले, मॅडम तिथेच. मागच्या बाईने पिशवीचा कोपरा लावून, "अहो, चला की!" म्हटलं तेव्हा त्या चालू लागल्या. रस्ता ओलांडला, पण मन अलीकडेच राहिलं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी. तशाच एका दुकानाच्या फळीला नाक टेकेल एवढ्या त्या होत्या, आणि त्यांचा हात धरून धाकटा भाऊ. दुकानदार विचारतो, 'काय रे राजा, काय पाहिजे?' धाकटा सुरू करतो, 'सा... सा...' मागे माणसं उभी, दुकानदाराच्या चेहऱ्यावर ते हसू फुटायच्या बेतात आलेलं, आणि ताई म्हणते, 'साबण! त्याला साबण हवाय.' हसू फुटत नाही. वाचवलं. ताई धाकट्याला वाचवते, रोज वाचवते. शाळेत बाईंपासून, मैदानात पोरांपासून, पाहुण्यांपासून, फोनपासून. त्याच्या तोंडून पहिलं अक्षर निघालं की उरलेलं वाक्य ताई त्याच्या हातातून काढून घेते, जड पिशवी घ्यावी तशी. आई कौतुकाने सांगायची, 'पोरगी म्हणजे त्याची जीभच आहे हो.' सगळे म्हणायचे, काय माया आहे बहिणीची! मायाच होती. तीच तर अडचण. माया नसती तर केव्हाच कंटाळून गप्प बसली असती.

घरात फक्त बाबा थांबायचे. बाबांना घाई म्हणून नव्हतीच कशाची. दाढी करताना धाकटा आरशात त्यांच्या मागे येऊन उभा राहिला आणि काही सांगू लागला, की बाबांचा हात गालाजवळ तसाच थबकायचा. फेस वाळून चेहऱ्यावर पांढरे पापुद्रे धरायचे, पण ते 'हां, मग' असंही म्हणायचे नाहीत. आरशातून बघत राहायचे. पोराचं वाक्य पुरतं व्हायचं आणि मग वस्तरा पुढे सरकायचा. ताईला ते बघवायचं नाही. ती दारातून ओरडायची, 'बाबा, तो म्हणतोय चप्पल तुटली!' बाबा आरशातूनच तिच्याकडे बघायचे. रागाने नाही. तेव्हा तिला त्या बघण्याचा अर्थ लागला नव्हता.

बाबांच्या अखेरच्या आजारपणात दवाखान्यात त्या औषधांची पिशवी घेऊन खोलीत शिरल्या, तेव्हा धाकटा पलंगावर वाकला होता. बाबांच्या नाकात नळ्या, पण डोळे टक्क उघडे, त्याच्या तोंडाकडे लागलेले. 'बाबा, मी... मी...' धाकट्याच्या मानेची शीर टरारली होती. 'मी तु... तु...' बाबा थांबले होते. जन्मभर थांबले तसेच. श्वासही जणू धरून ठेवला होता त्यांनी. आणि त्या श्वासाचीच मॅडमना भीती वाटली, की याचं वाक्य पुरं व्हायची वाट बघता बघता तो तुटून जाईल. पिशवी खाली ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, 'बाबा, तो म्हणतोय, काळजी करू नका. तो आहे.' बाबांनी मान हलवली. डोळे मिटले. त्यानंतर ते भानावर आलेच नाहीत. सगळं आटोपल्यावर दवाखान्याच्या पायऱ्यांवर धाकटा त्यांना म्हणाला, अगदी सरळ, कुठेही न अडखळता, 'ताई, मला ते म्हणायचं नव्हतं.' त्या म्हणाल्या, 'अरे, मग काय म्हणायचं होतं?' तो रस्त्याकडे बघत राहिला. 'आता कुणाला सांगू?' म्हणाला.

घरी येऊन त्यांनी दिवा लावला, चपला जागेवर ठेवल्या, आणि पाणीही न पिता फोन उचलला. धाकटा दुसऱ्या शहरात असतो, यंत्रांच्या कारखान्यात नकाशे काढतो. नकाशा बोलत नाही आणि कुणाला बोलायलाही लावत नाही. फोन नेहमीप्रमाणे भावजयीने घेतला. "ताई! बऱ्याच दिवसांनी! हे काय, इथेच आहेत. हे म्हणतायत, तब्येत कशी आहे?" तो काहीच म्हणाला नसणार, मॅडमना माहीत होतं. ते काम आता तिच्याकडे गेलं होतं, रीतसर चार्ज दिल्यासारखं. "त्याला दे ना जरा," मॅडम म्हणाल्या. "त्याच्याशीच बोलायचंय." पलीकडे कुजबुज झाली, खुर्ची सरकली.

"बोल, ताई."

"तुला एक विचारू? बाबांना त्या दिवशी तू काय सांगत होतास रे?"

 पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता, तोही कुणीतरी बंद केला. मॅडमनी फोन कानाशी दाबून धरला. बोलायचं नाही, त्यांनी स्वतःला बजावलं, काही झालं तरी बोलायचं नाही. मग तो आवाज आला. लहानपणापासून ओळखीचा तो आवाज. "म... म... मी तु... तु..." अडकलं. पुन्हा पहिल्यापासून. त्याचा श्वास फोनवर धडका देत होता. मॅडमची हनुवटी आपोआप वर उचलली गेली, त्यांची जीभ टाळूला चिकटली. त्याला आता घाम आला असेल. भावजय दारातून बघत असेल. एवढ्या वर्षांनी आपण त्याला कशाला हे उकरायला लावलं? आपल्याला बरं वाटावं म्हणून? "राहू दे," त्या म्हणाल्या, "राहू दे रे. उगाच कशाला त्रास. मी आपलं सहज विचारलं."

धडका थांबल्या.

"बरं," तो म्हणाला. ते मात्र कसं स्वच्छ आलं, एका फटक्यात. "ठेवतो, ताई."

दुसऱ्या दिवशी वर्ग गच्च भरला होता. शेवटच्या तासाला सगळे येतात, वर्षभर तोंड न दाखवलेलेसुद्धा. मॅडमनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि चाळा म्हणून खडू हातात घेतला. तिसऱ्या बाकाकडे बघायचं त्यांनी टाळलं आणि टाळतो आहोत हे जाणवून बघितलंच. मुलगी आज वही काढून बसली नव्हती. हात मांडीवर, पाठ ताठ. दंतवैद्याच्या खुर्चीत बसावं तशी.

"समजा," मॅडम म्हणाल्या, आणि मागे कुणीतरी हलकेच म्हणालं, "घ्या, सुरू!" वर्ग खुसखुसला. "समजा, एका माणसाला शेजाऱ्याची जुनी सायकल हवी आहे. तो चिठ्ठी पाठवतो. अमुक किमतीला घेतो म्हणतो. आणि पुढे म्हणतो, तुम्ही कळवायची तसदी घेऊ नका. नकार आला नाही तर सायकल माझी झाली असं मी धरून चालेन. शेजारी गप्प बसतो. करार झाला?"

"नाही!" वर्ग एका सुरात ओरडला. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, हे तर त्यांनी स्वतःच घोकून घेतलं होतं.

"बरं. आता समजा, शेजाऱ्याला ती द्यायचीच होती. चिठ्ठी वाचून त्याने सायकल बाजूला काढून ठेवली. तिसराच कुणी मागायला आला, त्याला म्हणाला, ती विकली गेली. पण चिठ्ठीवाल्याला कळवलं काहीच नाही. आता?" त्यांचं बोट उठलं. नेहमीसारखं फिरत फिरत तिसऱ्या बाकाशी आलं. वळू पाहत होतं. मॅडमनी ते धरून ठेवलं. "तू. उठ."

वर्गातल्या सगळ्या माना फिरल्या. मुलगी उठली. तिने बाकाची कड धरली नाही. हनुवटी वर गेली, पापण्या मिटल्या. "झ... झ..." पंखा फिरत होता. कुणाचं तरी पेन खाली पडलं, ते उचलायला कुणी वाकलं नाही. मॅडमनी दात दातांवर दाबले. मी बोलणार नाही. मी बोलणार नाही. मी आरशासमोर उभी आहे, गालावर फेस वाळतो आहे, मला घाई नाही. "झ... झाला," ती म्हणाली. डोळे उघडले. "करार झाला. कारण त्याच्या म... मनात होकार होता."

मॅडमनी श्वास सोडला. थांबल्या होत्या त्या! जमलं होतं! डोळ्यांत पाणी येईल की काय असं वाटलं. आणि त्याच क्षणी, वर्षांनुवर्षांच्या सवयीने, पुढचा प्रश्न त्यांच्या जिभेवर येऊन उभा राहिला. कारण उत्तर चुकलं होतं. मनातला होकार कोर्टात चालत नाही, पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. दुसरं कुणी असतं तर त्यांनी एका 'समजा'त त्याच्या चिंध्या केल्या असत्या. त्यांनी मुलीकडे बघितलं. तिच्या कपाळावर घाम होता, आणि ती वाट बघत होती. प्रश्नाची. मॅडमना ते स्पष्ट दिसलं. तरीही त्यांच्या तोंडून निघालं, "छान. बस."

कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग अख्ख्या वर्गाने, मनापासून, शर्यतीत शेवटून पहिल्या आलेल्यासाठी वाजवतात तशा. मुलगी बसली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, एकेक पायरी उतरावं तसं, आणि मॅडम ते बघत उभ्या राहिल्या. टाळ्या थांबेपर्यंत ते पार तळाशी गेलं होतं.

"मॅडम, पण तिचं चुकलंय."

वकीलसाहेब उठला होता. न विचारता. कोट नव्हता आज, पण अंगठा पट्ट्यात खोचलेला. चारी बाजूंनी 'शू!', 'बस रे!', 'माणूस आहेस की कोण!' सुरू झालं. तो कुठला ऐकतोय. मागे वळून सरळ मुलीलाच म्हणाला, "मनातलं कोर्टाला कसं कळणार? उद्या मी म्हणेन, माझ्याही मनात होतं. काय पुरावा?"

मुलीने मान वर केली. ती उठली. पुन्हा. कुणी 'उठ' म्हटलं नव्हतं. "नुसतं मनात नाही. त्याने ब... बाजूला काढून ठेवली ना सायकल! तिसऱ्याला सांगितलं, विकली म्हणून. ते द... दिसतं."

"तिसऱ्याला सांगून काय उपयोग? घेणाऱ्याला कळवलं का? नाही. मग संपलं."

"संपलं काय! घेणाऱ्यानेच म्हटलं होतं क... क..."

"कबूल? कबूल कुठे म्हटलं त्याने?"

"कबूल नाही, गाढवा!" वर्ग फुटला. ती हसत नव्हती. तिचे गाल लाल झाले होते. "क... कळवू नका! तसदी घेऊ नका, असं त्यानेच लिहिलं होतं. कळवायची अट त्यानेच काढून टाकली. मग आता म... मला कळवलं नाही म्हणायला त्याला त... तोंड कुठे आहे?"

वकीलसाहेबाचा अंगठा पट्ट्यातून सुटला.  मॅडमच्या हातातला खडू केव्हा मोडला त्यांना कळलंच नाही. या मुद्द्यापर्यंत त्या स्वतः पोरांना पाच-सहा 'समजा' ओलांडून न्यायच्या आणि तरीही क्वचितच कुणी पोचायचं. ही एकटी पोचली होती. चुकीच्या उत्तरातूनच पुढे वाट होती, आणि ती दोन शब्दांत बुजवून त्यांनी वर टाळ्या वाजवू दिल्या होत्या. मनातल्या मनात त्या कसलातरी हिशेब मांडू लागल्या, फार मागचा. त्या 'सा'च्या पुढे काय होतं? 'साबण' म्हटल्यावर दुकानदाराने साबण दिला, आणि धाकट्याने तो मुकाट घेतला. पण साखर असेल. साखळी असेल. आपण कधी विचारलंच नाही. त्याच्या हातात सगळ्यांनी आयुष्यभर साबणच ठेवला.

घंटा झाली. शेवटचा तास संपला, पोरांनी बाकं वाजवली, कुणीतरी शीळ घातली, दोघीतिघी टेबलाशी येऊन "थँक्यू मॅडम, तुमची फार भीती वाटायची हं" म्हणाल्या आणि हसत पळाल्या. तिसऱ्या बाकावरची मुलगी टेबलाशी आली नाही. ती आणि वकीलसाहेब भांडत भांडतच दाराबाहेर पडले. तो तिच्या पुढे उलटा चालत होता, हातवारे करत, माणसांवर आदळत. "ते ठीक आहे, पण समजा त्याने चिठ्ठी वाचलीच नसती तर?" "अरे, म... म..." "मान्य ना? बघ, मान्य आहे तुला!" मॅडम हातातला मोडका खडू घेऊन त्यांच्या मागे दारापर्यंत आल्या. त्यांना तिला हाक मारायची होती. काहीतरी म्हणायचं होतं, मार्कांबद्दल, किंवा मार्कांबद्दल नव्हे. पण नाव ओठांवर येईना, आणि तोवर ती दोघं गर्दीत जिन्याकडे सरकली होती.

"थांब ना जरा!" मुलीचा आवाज कॉरिडॉरभर घुमला. "मला प... पुरतं बोलू दे की!"

"मग बोल ना! अडवलंय कुणी तुला?"

मॅडम दारात उभ्याच राहिल्या. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना येत होतं. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.